जावयाने आणलेल्या दोन बाटल्या: बोर्दो, रोन आणि रविवारचं मटण

प्रश्न थोडक्यात असा आहे. लियोंला राहणाऱ्या जावईबापूंनी येताना दोन फ्रेंच रेड वाइन आणल्या. एकीवर 'ओ-मेदोक' लिहिलंय, म्हणजे ती नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो टापूची, दुसरीवर 'कोत द्यु रोन व्हिलाज', म्हणजे रोन नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षाचं नाव दोन्हींवर नाही. रविवारी घरी मटण आहे. दोन्हींच्या चवीत फरक काय, मटणासोबत कोणती उघडायची, आणि मुळात आपल्या जेवणासोबत या वाइन जातात का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. मटण बेताचं तिखट असेल तर रोनची उघडा, आणि त्याआधी दीड-दोन तास ती फ्रिजमध्ये ठेवा. ओ-मेदोक त्या दिवशी नको, तिच्यासाठी वेगळा बेत खाली सांगतो. आणि मटण सणसणीत तांबड्या रश्श्याचं असेल तर दोन्ही बाटल्या बंदच राहू द्या. सोलकढी करा, किंवा थंड बिअर आणा. वाइनचाही अपमान नको आणि रश्श्याचाही.

मी मूळचा निफाडकडचा. घरी द्राक्षबाग, पण खायच्या द्राक्षांची, थॉमसनची. गेली अठरा वर्षं बोर्दोत आहे. सुरुवातीला रेस्टॉरंटमध्ये वाइन वाढायचं काम केलं, आता एका दुकानासाठी वाइन निवडतो आणि विकतो. सुट्टीत गावी गेलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेबलवर द्राक्षाचं नाव का नाही? कारण फ्रान्समध्ये गावाचं नाव सांगितलं की द्राक्ष सांगून झालं, असं धरतात. 'नागपुरी' म्हटल्यावर संत्रं हा शब्द वेगळा उच्चारावा लागत नाही, तसंच. १९३५ साली तिथे यासाठी कायदा झाला. कोणत्या टापूत कोणती द्राक्षं लावायची, एकरी उतारा किती घ्यायचा, दारूचं प्रमाण किमान किती हवं, हे सगळं त्या-त्या नावाखाली बांधून दिलं. त्यामुळे 'ओ-मेदोक' हे चार अक्षरी उत्तर आहे, फक्त ते वाचायची सवय लागते. गंमत म्हणजे जिथे द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं, तिथेही युरोपच्या नियमाप्रमाणे ते द्राक्ष ८५ टक्के असलं की पुरतं. उरलेल्या १५ टक्क्यांत दुसरं काही असू शकतं.

आता मिश्रणं. बोर्दो काय आणि रोन काय, तिथली रेड सहसा एकाच द्राक्षाची नसते, दोन-तीन जाती मिसळून करतात. यांना मसाल्याची उपमा द्यायची पद्धत आहे. मीही द्यायचो, आता देत नाही. गोड्या मसाल्याचं प्रमाण आजीने एकदा ठरवलं की ठरलं. बोर्दोत प्रमाण दरवर्षी बदलतं, आणि ते चवीच्या आधी हवामान ठरवतं. मला विचाराल तर हे आंतरपीक आहे. बाजरीत तूर टाकणारा शेतकरी चवीचा विचार करत नसतो, एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून टाकतो.

बोर्दोत नेमकं हेच आहे. इथली दोन मुख्य द्राक्षं म्हणजे मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यों. मेर्लो लवकर फुटतं आणि लवकर पिकतं. कॅबर्ने उशिरा फुटतं, उशिरा पिकतं. एप्रिलमध्ये थंडीचा तडाखा बसला तर फुटलेलं मेर्लो जळतं, झोपलेलं कॅबर्ने वाचतं. ऑक्टोबरात पाऊस आला तर मेर्लो पेट्यांत भरून झालेलं असतं आणि कॅबर्ने वेलीवर भिजत उभं. २०१३ मध्ये ऐन फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस झाला, मेर्लोची मणीगळ इतकी झाली की घड विरळ राहिले. २०१७ च्या एप्रिलअखेर दोन-तीन रात्रीत बागाच्या बागा करपल्या. लोक वेलींच्या रांगांतून मेणाचे डबे पेटवत फिरत होते. मला एकदम घर आठवलं, डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की आमच्याकडेही बागेत शेकोट्या पेटवतात. १९५६ च्या फेब्रुवारीची थंडी तर इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. त्या साली कोवळे कोंबच काय, जुनी खोडंही मेली.

जमीनही यात आलीच. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून जिरोंदचं मुख होतं. त्याच्या डाव्या काठाला, म्हणजे मेदोकात, वाळू-गोट्यांची जमीन आहे. गोटे दिवसा तापतात, पाणी धरत नाहीत, म्हणून उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला तिथे ऊब मिळते. उजव्या काठाला सांत-एमिलियों आणि पोमरोलकडे चिकणमाती आणि चुनखडी. ती माती थंड असते आणि ओल धरते, तिथे कॅबर्ने बिचारं पिकतच नाही नीट, मेर्लो मात्र मजेत असतं. म्हणून डाव्या काठाची बाटली म्हणजे कॅबर्ने पुढे, उजव्या काठाची म्हणजे मेर्लो पुढे. पोमरोलची ती प्रसिद्ध पेत्र्युस तर जवळजवळ निव्वळ मेर्लो असते. तुमची ओ-मेदोक डाव्या काठाची.

एका फेब्रुवारीत मेदोकमधल्या एका छोट्या वाइनघरात मिश्रण ठरवायच्या टेबलाशी बसायला मिळालं. ते विसरणं शक्य नाही. टेबलावर पांढरा कागद, अकरा बाटल्या, प्रत्येकीवर फक्त टाकीचा आकडा, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशी शंभर मिलिलिटरची काचेची मापं. खोलीत इतका गारठा की ग्लास दोन्ही हातांत धरून वाइन कोमट करावी लागत होती. आधी नुसतं कॅबर्ने चाखलं. पहिल्याच घोटाला ब्लॅककरंट जोरात आलं. आपण ब्लॅककरंट बहुतेक आइस्क्रीममध्येच खाल्लेलं असतं, त्यातली साखर वजा करा आणि आंबटपणा ठेवा. पाठोपाठ शिसपेन्सिलला टोक करताना येतो तो लाकडाचा वास. शेवटी हिरड्या आवळणारा तुरटपणा. पण मध्ये काहीच नाही. सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मधला भाग पोकळ, अंगणात उभा राहून मागचं दार दिसावं तसा. मग नुसतं मेर्लो. पिकलेलं आलुबुखार, जरा कोको, मऊ, भरलेलं, पण गिळलं की संपलं. मागे काही रेंगाळत नाही.

मग मापात साठ मिली कॅबर्ने, पस्तीस मेर्लो, आणि पाच कॅबर्ने फ्रां, हे इथलं तिसरं द्राक्ष. हलवलं, नाकाशी नेलं. पोकळी भरली होती. दोन्हीपैकी कशातही नसलेला वायोलेटच्या फुलाचा वास वर आला होता, तो कॅबर्ने फ्रांचा, आणि तोही नुसता पाच मिलीचा. मग मालकांनी त्यात तीन मिली पती व्हर्दो घातलं. हे द्राक्ष इथे जेमतेम पिकतं, पण पिकलं तर रंग शाईसारखा आणि अंगात जोर. मी म्हटलं, छानच की. म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "हा आला की बाकीचे गप्प बसतात." तीनचं एक केलं. तीन मिली म्हणजे अर्ध्या चमच्याच्या जरा वर. शंभरात एवढ्याशाने वाइन ओळखू येईना, हे मी स्वतः चाखलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

त्या दिवशी अकरापैकी एका टाकीतल्या कॅबर्नेला चक्क ढोबळी मिरचीचा वास होता. ते नीट न पिकलेल्या कॅबर्नेचं लक्षण. तोच रासायनिक घटक ढोबळी मिरचीत असतो, त्यामुळे नाकाची काही चूक नाही. थोडा असेल तर वाइनला ताजेपणा देतो, जास्त झाला तर भाजी चिरल्यासारखं वाटतं. जाता जाता सांगतो, कॅबर्ने सोव्हिन्यों हे काळं द्राक्ष असलं तरी त्याच्या आई-बापांपैकी एक पांढरं आहे. कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं हे पोर, असं १९९० च्या दशकात डीएनए तपासून कॅलिफोर्नियात सिद्ध झालं.

आता जेवणाकडे. 'रेड वाइन मटणासोबत, व्हाइट मासळीसोबत' एवढंच लोकांना माहीत असतं, आणि तेवढ्यावर विसंबलात तर फसाल. रंगावर काही नाही, सगळं तुरटपणावर आहे. वाइनमधला टॅनिन नावाचा पदार्थ द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, थोडा ओकच्या पिंपातून. जांभूळ खाल्ल्यावर, कच्चं केळं चावल्यावर जीभ जशी खरखरीत होते, ती करणी याचीच. टॅनिनला प्रथिनं दिसली की तो त्यांना चिकटतो. लाळेतलं बुळबुळीत प्रथिन त्याने धरलं की तोंड कोरडं पडतं.

हे घरी पाहायचं असेल तर कोरा चहा दहा मिनिटं उकळा, गार करा, एक घोट घेऊन जीभ गालाच्या आत फिरवा. मग खारट चीजचा एक तुकडा नीट चावून खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. दुसरा घोट मऊ लागेल. चहात दूध घातल्यावर तो तुरट लागत नाही तेही यामुळेच, टॅनिनला जिभेच्या आधी दूध सापडतं. बोर्दोतल्या वाइनघरांत हीच युक्ती शेकडो वर्षं चालत आली आहे. पिंप २२५ लिटरचं असतं, त्यात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो जादा टॅनिन धरून तळाशी बसतो, वर वाइन निवळ आणि मवाळ. उरलेल्या पिवळ्या बलकांतून इथला कानले नावाचा केक जन्मला असं म्हणतात. कटाक्षाने शाकाहारी असाल तर ही अंड्याची गोष्ट लक्षात ठेवा. आजकाल वाटाण्याच्या प्रथिनाने किंवा मातीने निवळलेल्या वाइनही मिळतात, बाटलीवर व्हेगन लिहिलेलं असेल तर ती बिनधास्त घ्या.

तर कॅबर्नेप्रधान, तुरट वाइनला काय हवं? प्रथिनं, चरबी आणि मीठ. मेदोकच्या लोकांनी हे पुस्तक वाचून शोधलं नाही. हिवाळ्यात वेलींची छाटणी झाली की काड्यांच्या मोळ्या बांधून ठेवतात, आपल्याकडेही चुलीला जातात तशाच. त्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर मांसाचा जाड तुकडा भाजतात, इथे तो बीफचा असतो, आणि वर बारीक चिरलेला छोटा कांदा, लोणी, जाडं मीठ. बाकी मसाला शून्य. मेदोकातल्याच पोइयाक गावचं दुधावर वाढलेलं कोकरू हाही इथला मानाचा पदार्थ. दोन्हींत चरबी आहे, मीठ आहे, भाजल्याचा कडवटपणा आहे, आणि वाइनशी भांडेल असं काहीही नाही. मिरची नाही, आंबट नाही, गोड नाही. वाइनच इथे रश्श्याचं काम करते.

चीजबद्दल एक गैरसमज काढून टाकू. रेड वाइन आणि चीजचं ताट हे चित्रात फार शोभतं. प्रत्यक्षात मऊ, ओघळणाऱ्या चीजसोबत मेदोक कडू आणि धातूसारखी लागते, निळ्या बुरशीच्या चीजसोबत तर विचारू नका. बोर्दोचे लोक जुनं, कडक, कणीदार चीज घेतात, मुरलेलं गौडा किंवा मेंढीच्या दुधाचं. ते छान लागतं. आणि चॉकलेट? विकणारे सांगतात म्हणून लोक खातात. मी कधी कुणाला सुचवलेलं नाही. गोड खाल्ल्यावर कोरडी वाइन आंबट आणि रुक्ष वाटणारच, पेढ्यानंतर चहा फिका लागतो तशी.

आता दुसरी बाटली. रोनचं खोरं दोन भागांत वेगळं आहे, तुमची दक्षिणेकडची. आव्हिन्यों गावाच्या आसपासचा हा मुलूख. ऊन भरपूर, आणि उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा असा सुटतो की टोपी डोक्यावर ठरत नाही. वेलींना मात्र तो वारा औषध आहे, पानं कोरडी राहतात आणि रोग कमी पडतो. इथलं मुख्य द्राक्ष ग्रनाश. साखर खूप धरतं म्हणून दारूचं प्रमाण १४-१५ टक्क्यांपर्यंत सहज जातं. साल पातळ, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा कमी. चव स्ट्रॉबेरीच्या जॅमसारखी, ऊबदार. पण एकटं ठेवलं तर हवा लागून लवकर थकतं. त्याला आधार म्हणून सिरा येतं, ज्याला आपल्याकडे शिराझ म्हणतात. ते रंग देतं, काळ्या मिऱ्याचा वास देतं. आणि तिसरं मूर्वेद्र, जाड सालीचं, थोडं रानटी, चामड्याचा आणि मांसाचा वास असलेलं, जे हवेपासून ग्रनाशला सांभाळतं. मूर्वेद्रबद्दल तिथले शेतकरी म्हणतात की त्याला डोक्यावर ऊन आणि पाय पाण्यात लागतात. नखरेल पीक आहे.

इथेही आंतरपिकाचंच तत्त्व, पण बोर्दोसारखं थंडी-पावसाच्या भीतीने नाही. इथे ऊन जास्त होतं म्हणून एकमेकांचे दोष झाकायला माणसं जोडली आहेत.

या मुलखातलं सगळ्यात नावाजलेलं गाव शातोनफ द्यु पाप, म्हणजे पोपचा नवा वाडा. १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी रोमऐवजी आव्हिन्योंला होती, त्यावरून हे नाव. इथे तेरा जातींची द्राक्षं चालतात, एकाच जातीचे वेगवेगळ्या रंगांचे प्रकार मोजले तर अठरा. कुणी किती घालावं यावर बंधन नाही. तिथल्या वाइनघरांपैकी बोकास्तेल तेराच्या तेरा लावतात, रायास निव्वळ ग्रनाशवर वाइन करतात, दोघांच्याही बाटलीवर गावाचं नाव तेच. म्हणजे गावाचं नाव वाचून चवीचा अंदाज येतो, खात्री नाही. याच गावाने १९५४ साली उडत्या तबकड्यांना हद्दीत उतरायला बंदी करणारा ठराव केला होता. तो अजून लागू आहे, आणि एकही उतरलेली नाही.

दक्षिण रोनच्या वाइनला एक वास असतो, ज्याला तिथे 'गारिग' म्हणतात. माळरानावर उगवणारी थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर यांचा तापलेल्या उन्हातला मिश्र वास. मी पहिल्यांदा तो ग्लास नाकाशी नेला तेव्हा वाटलं, हा ओवा आहे. तेव्हा सोबतचे हसले, त्यांना ओवा माहीत नव्हता. पुढे कळलं की थाइममध्ये आणि ओव्यात थायमॉल नावाचं एकच तेल असतं. त्यामुळे रोनची वाइन आपल्या स्वयंपाकघराला बोर्दोपेक्षा जवळची आहे हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. तिथलं जेवणही पाहा. वांगी, टोमॅटो, लसूण, ऑलिव्हचं तेल, थाइम लावून भाजलेलं कोकरू, आणि 'दोब' नावाचा मांसाचा रस्सा, जो वाइनमध्येच तास न् तास मंद शिजवतात.

आता मूळ मुद्दा, मटण. पहिल्या सुट्टीत मी मोठ्या हौसेने पोइयाकची एक बाटली घरी नेली होती. महिन्याच्या पगाराचा बऱ्यापैकी भाग तीत गेला होता. वहिनीने माझ्यासाठी खास झणझणीत मटण केलेलं. मे महिना, बाटली कपाटातून काढली तेव्हा हाताला कोमट लागत होती. एक घास, एक घोट, आणि तोंडात आगच. वाइनचं फळ कुठेच नाही, मागे राहिला तो शाईसारखा कडूपणा. वहिनी घोट घेऊन म्हणाली, "एवढे पैसे घालून काढा आणलास होय?" तिचं काही चुकलं नव्हतं. बाटली उत्तम होती, बेत चुकला होता.

काय होतं ते सांगतो. मिरचीचा तिखटपणा ही चव नाही, जळजळ आहे. जिभेवरची जी जाणीव उष्णता ओळखते तिलाच मिरची चेतवते, आणि अल्कोहोलही तिलाच चेतवतं. दोघं एकत्र आले की आगीत तेल. त्यात टॅनिनने लाळ शोषलेली, म्हणजे सोललेल्या जिभेवर मिरची. नव्या ओकच्या पिंपातली वाइन असेल तर तिचा लाकडी कडवटपणाही वर येतो. म्हणून तिखटासोबत तुरट वाइन नको, आणि कोमट तर मुळीच नको.

मग रोन का सुचवली, तिच्यात तर दारू जास्त? बरोबर आहे, ती अडचण आहेच. पण तिचा तुरटपणा कमी आणि फळ जास्त, आणि थंड केल्यावर दारूची धग दबते. शिवाय आपल्या मटणात तिच्या बाजूची माणसं आहेत. भाजलेलं सुकं खोबरं आणि तांबूस परतलेला कांदा, यांत चरबी आहे आणि किंचित गोडवा आहे. ग्रनाशच्या जॅमसारख्या चवीशी तो गोडवा जुळतो. धणे, मिरे, दालचिनी, दगडफूल यांच्याशी तिची तक्रार नाही. तक्रार तीनच गोष्टींशी: जास्त लाल तिखट, जास्त चिंच-कोकम, आणि रश्श्याचं पातळ गरम पाणी. म्हणून मटण सुकं किंवा दाटसर करा, मिरची नेहमीच्या निम्मी, मीठ चोख, आणि लिंबू ताटात ठेवू नका. रस्सा हवाच असेल तर तो शेवटी भातावर घ्या, तोवर ग्लास रिकामा झालेला असेल.

घरात कुणी शाकाहारी असेल तर भरली वांगी करा, शेंगदाण्याचा कूट सढळ, गूळ अगदी चिमूटभर. शेंगदाण्याचं तेल टॅनिन सांभाळून घेतं आणि वांगं तर रोनच्या मुलखाचं घरचंच. मी हे आव्हिन्योंच्या दोन मित्रांना खिलवलं आहे, दोघांनी भाकरी मागून घेतली. पनीरची गुळगुळीत गोड ग्रेव्ही मात्र टाळा. आणि सुरमई, बांगडा यांच्याजवळ दोन्ही बाटल्या नेऊ नका. तेलकट मासळी आणि रेड वाइन मिळून तोंडात लोखंडाची चव येते.

फ्रान्समधली बाकी मिश्रणं झटपट सांगतो. नैर्ऋत्येला काओर, किमान ७० टक्के माल्बेक हे द्राक्ष, रंगाने काळी, बदकाच्या चरबीत शिजवलेल्या जेवणासाठी. तिच्याच बाजूला मादिरां, तिथलं तानात हे द्राक्ष नावाप्रमाणेच टॅनिनचं पोतं आहे. कासुले नावाचा पदार्थ, पांढरे घेवडे, सॉसेज आणि बदक मातीच्या भांड्यात तासन्‌तास भाजलेला, तो नसेल तर तिच्या वाट्याला जाऊ नका. लांगदोककडच्या मिनर्वुआ, कोर्बिएर, सां-शिन्यां या कारिन्यां, ग्रनाश, सिरा यांच्या मिश्रणाच्या, रोनच्या चुलत बहिणी, आणि निम्म्या भावात. पैसे वाचवून आपल्या जेवणासोबत काही घ्यायचं असेल तर मी स्वतः याच घेतो. बरगंडी या चर्चेत बसत नाही, तिथे रेड म्हणजे बहुतेक वेळा एकटं पिनो न्वार.

वाढण्याबद्दल. 'रूम टेंपरेचरला द्या' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोल्या १७-१८ अंशांच्या होत्या. पुण्या-नाशिकची एप्रिलमधली खोली तीसच्या वर असते. रोनची बाटली दीड-दोन तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ग्लासात ती पंधरा-सोळा अंशांना यावी. ग्लास एक तृतीयांशच भरा, उरलेली बाटली गार पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवा. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा.

ओ-मेदोक माळ्यावर किंवा गॅसच्या वरच्या कपाटात ठेवू नका, उष्णतेने ती शिजते. खालच्या अंधाऱ्या कपाटात आडवी, आणि उन्हाळ्यापूर्वी उघडाच. त्या दिवशी बोकडाच्या चॉप्स आणा. दोन तास आधी मीठ, कुटलेले मिरे आणि लसूण लावा, बिडाच्या तव्यावर तूप सोडून दोन्हीकडून चांगल्या तांबूस करा. सोबत तुपावर परतलेले बटाटे. वाइन तासभर आधी एखाद्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा, हवा लागली की तिचा आवळलेपणा सुटतो. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटचा अर्धा कप सोडून द्या.

आणि जावईबापू लियोंला आहेत म्हणता, तर आंप्युई गाव त्यांना पन्नास किलोमीटरही नाही. पुढच्या खेपेला तिथली कोत रोती मागवा. खिशाला चटका आहे, पण एकच आणायला सांगा. ते काळ्या सिराचं गाव. तिथे त्यात वीस टक्क्यांपर्यंत पांढरं वियोन्ये घालायची मुभा आहे, अट एवढीच की दोन्ही एकत्र आंबवायची. पांढरं घातल्याने रंग फिका होईल असं वाटतं, होतो उलट अधिक गडद आणि पक्का, आणि वर जर्दाळूचा वास. सिराच्या मिऱ्याच्या वासामागचा घटक २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखला. काळ्या मिऱ्यातही तोच असतो. त्या बाटलीसाठी लाल तिखट अजिबात न घालता नुसत्या मिऱ्यातलं सुकं मटण करा, मिरे ताजे, जाडसर कुटलेले, आणि गॅस बंद करताना घातलेले.